मुलाचा क्लास, आईची पेटी आणि घरात एकच पियानो

"ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वय ४२. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, दीड वर्ष कीबोर्डच्या क्लासला जातोय. क्लासमध्ये आठ मुलं, आठ कीबोर्ड, सगळ्यांच्या कानाला हेडफोन, सर एकेकाकडे फिरतात. वर्षभर परीक्षेचे तेच तीन पीस चालू आहेत. आधी शाळेतून आला की आपणहून वाजवायचा, आता दहादा सांगावं लागतं आणि बसला की पाच मिनिटांत पाणी प्यायला उठतो. एक मॅडम घरी येऊन एकट्याला शिकवतात पण फी क्लासच्या जवळजवळ तिप्पट आहे. मिस्टर म्हणतात यूट्यूबवर सगळं फुकट आहे, कशाला पैसे घालवायचे. आणि अजून एक, हे लिहायला जरा लाज वाटते पण मलाही शिकायचंय. लग्नाआधी मी पेटीच्या मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिल्या होत्या, मग सुटलं ते सुटलंच, पेटी माळ्यावर आहे. आता या वयात बोटं वळतील का? वसईच्या एका ओळखीच्यांकडे जुना उभा पियानो आहे, ते फुकट घेऊन जा म्हणतायत, आणावा का तो?"

प्रिय डोंबिवलीच्या आई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "लाज वाटते" वर अडकले. मध्यमापर्यंत पेटी वाजवलेल्या बाईला परत सुरांकडे यावंसं वाटतंय यात लाजायचं काय आहे गं? तुझ्याकडे मी येतेच, सावकाश येते कारण तिथे बोलायला खूप आहे, पण आधी पोराचं बघू, त्याचं काम जास्त घाईचं आहे. या वयात कंटाळा एकदा बसला की तो त्या वाद्यालाच चिकटतो, मग पुढे कितीतरी वर्षं ते मूल मला नाही आवडत म्यूझिक असं सांगत फिरतं, आणि त्याला न आवडणारे असतात फक्त ते तीन पीस.

मी बावीस वर्षं शिकवतेय, मुलांना पण आणि मोठ्यांना पण, सगळ्यात लहान विद्यार्थिनी पाच वर्षांची होती आणि सगळ्यात मोठे काका एकाहत्तरचे. एवढ्या वर्षांत मला कळलेली मुख्य गोष्ट अशी की एकट्याला शिकवणं वेगळं आणि त्याच्यासाठी शिकवणं वेगळं. मी असे टीचर बघितलेत जे एका मुलासमोर एकटे बसतात, पुस्तक पान एकवर उघडतात आणि काल शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलीला जे सांगितलं तेच शब्द आज याला सांगतात. त्याला तिप्पट पैसे द्यायची काही गरज नाही. तिप्पट पैसे कशाचे द्यायचे, तर तुझ्या मुलाचा हात केवढा आहे, कान कसा आहे, तो कुठे अडतो आणि कशाने खुलतो हे बघून कोणी दर आठवड्याला शिकवणं बदलत असेल, तर त्याचे.

ग्रुपबद्दल माझं वाईट मत नाही हं. चार-पाच-सहा वर्षांच्या मुलांना ग्रुपच चांगला, टाळ्या वाजवायच्या, चालायचं, गायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, लय अशीच अंगात जाते. पण हेडफोन घातलेली आठ मुलं एका खोलीत बसली तर एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणजे ग्रुपचा फायदा गेला, आणि सर एकच म्हणजे एकट्याने शिकण्याचा फायदा पण गेला. ४५ मिनिटांचा क्लास धरला तर एकेकाच्या वाट्याला साडेपाच मिनिटं येतात. त्या साडेपाच मिनिटांत सर सूर बरोबर लागले की नाही एवढंच बघू शकतात, अंगठा कीबोर्डच्या कडेवरून खाली लोंबतोय, करंगळीच्या शेजारचं बोट आत मोडतंय, अवघड जागा आली की पोरगं श्वास धरून खांदे वर घेतंय, हे सगळं बघायला शेजारी बसावं लागतं. त्या सरांची यात चूक नाही, आठ जणांत कोणीही असतं तरी हेच झालं असतं.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, नऊ वर्षांचा. परीक्षेचा पीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही चूक न करता वाजवला. मी म्हटलं छान, आता तिसऱ्या ओळीपासून वाजव. त्याला येईना. परत पहिल्यापासून सुरू केलं तरच तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायचा, म्हणजे बोटांची एक साखळी पाठ होती, कडी तुटली की सगळंच संपलं. मग म्हटलं बरं हा पीस नुसता गुणगुणून दाखव, तर तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण वर्षभर तो मनात एक-दोन-तीन-चार मोजत होता, ती एक धून आहे असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं.

मग मी पुस्तक बंद केलं आणि दीड महिना उघडलं नाही. विचारलं तुला काय वाजवायचंय, तर म्हणाला स्टेशनवर अनाउन्समेंटच्या आधी वाजतं ना ते टिंगटाँग. ठीक आहे म्हटलं, शोध. तीन-चार सूर असतात, पण ते शोधताना त्याला पहिल्यांदा प्रश्न पडला की हा सूर वर जातोय की खाली, जवळ आहे की लांब. सापडल्यावर काय चेहरा झाला होता त्याचा! मग मी म्हटलं आता दुसऱ्या जागेवरून वाजव, मग गाडी लेट आहे तर हळू वाजव, मग रात्रीची शेवटची लोकल आहे, सगळे झोपलेत, तर एकदम अलगद वाजव. यात स्वरांतर आलं, ट्रान्स्पोझ करणं आलं, लय आली, टच आला. दीड महिन्याने पुस्तक उघडलं तेव्हा तोच मुलगा म्हणाला बाई हे तर त्या टिंगटाँगसारखंच लिहिलंय, वर चाललंय. तुझ्या मुलाचं टिंगटाँग काय आहे ते त्या मॅडमना शोधता आलं पाहिजे, मी तर म्हणेन फी त्याचीच.

आता एक गोष्ट तू आजच करून बघ, मॅडम ठरायच्या आधी. पियानोवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटाने असतात ना, त्याला सांग आज फक्त काळ्या वाजवायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. तुला पेटी येते त्यामुळे तुला लगेच कळेल, काळी तीनला, म्हणजे तीनच्या गटातल्या पहिलीला, सा धरला तर नुसत्या काळ्यांवर भूप होतो. काळी एकला, म्हणजे दोनच्या गटातल्या पहिलीला, सा धरला तर त्याच पाच पट्ट्यांवर दुर्गा होतो आणि काळी पाचला, तीनच्या गटातल्या शेवटचीला, धरलास तर मालकंस. पट्ट्या त्याच, घर बदललं की राग बदलतो. तू डाव्या बाजूला बस आणि भूपाला खालचे सा-प धरून ठेव, काळी तीन आणि वरची काळी एक, आवाज विरला की परत दाब, मालकंसाला सा-म धर. त्याला वर काहीही वाजवू दे, चूक होणं शक्यच नाही, काहीही वाजवलं तरी गोड लागतं. मी पाच वर्षांच्या मुलीलाही पहिल्या दिवशी हेच देते आणि काकांनाही हेच दिलं होतं. दहा मिनिटांत मुलाला कळतं की मी वाजवलं ते म्यूझिक होतं, आणि पहिल्या दिवशी मला त्याच्याकडून तेवढंच हवं असतं.

परीक्षेचं म्हणशील तर मी परीक्षेच्या विरुद्ध नाही, माझी निम्मी मुलं देतात. ट्रिनिटी असो की असोसिएटेड बोर्ड, ही दोन्ही परीक्षा घेणारी लंडनची मंडळं, आधी इनिशियल आणि मग ग्रेड १ ते ८ अशी शिडी आहे, ट्रिनिटीला तीन पीस आणि सोबत स्केल्स वगैरे टेक्निकल आणि कानाच्या किंवा साइट रीडिंगच्या, म्हणजे न पाहिलेलं बघून वाजवायच्या, टेस्ट असतात, १०० पैकी ६० ला पास. असोसिएटेड बोर्डाला सहाव्या ग्रेडच्या आधी पाचवीची थिअरी लागते हे बऱ्याच आईबाबांना फार उशिरा कळतं. तू स्वतः गांधर्वच्या परीक्षा दिल्यात, तुला माहितीय परीक्षेने एक शिस्त लागते, रियाजाला तारीख मिळते. पण प्रवेशिकेच्या वर्षी तुझ्या गुरुजींनी तुला फक्त परीक्षेचेच राग शिकवले होते का? मधेच एखादं नाट्यगीत, एखादा अभंग, दिवाळीत कोणाकडे तरी साथीला बस, असं चालायचंच ना? तसंच इथे. परीक्षेचे तीन पीस असतील तर वर्षात अजून पंधरा-वीस छोटे सोपे तुकडे हातातून गेले पाहिजेत, जे आठवड्याभरात होतात आणि सुटतात. वर्षभर तीनच पीस घोटले की मूल त्या ग्रेडला पास होतं आणि पुढच्या ग्रेडचं पहिलं पान त्याला वाचता येत नाही. हे मी एवढ्यांदा बघितलंय की आता नवीन मूल आलं की सर्टिफिकेट मी नंतर बघते, आधी कधीच न पाहिलेली एक सोपी ओळ समोर ठेवते.

तुझ्या मुलाला मी यंदा परीक्षेला बसवणार नाही. तीन पीस तयार असतील तर घरी आजीआजोबांना बोलवून वाजवून दाखवू दे, टाळ्या वाजवा, आणि ते पुस्तक ठेवून द्या.

यूट्यूबचं तुझ्या मिस्टरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. ऐकायला, एखादा पीस मोठे कलाकार कसा वाजवतात ते बघायला, थिअरीची एखादी शंका सोडवायला यूट्यूबसारखं काही नाही, आमच्या लहानपणी हे असतं तर किती बरं झालं असतं. पण ते वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या पडतील तशा पट्ट्या दाबायच्या त्या व्हिडिओंवर मुलाला सोडू नकोस. त्यात परत तीच बोटांची साखळी पाठ होते, वाचायला येत नाही, आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ तुझ्या मुलाकडे बघत नाही. त्याचं मनगट खाली पडलंय हे व्हिडिओला दिसत नाही. ऑनलाइन लाइव्ह लेसन हा मात्र वेगळा विषय, माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन दुबईला गेली ती अजून माझ्याकडेच शिकते, फोन बाजूला उंचावर लावते म्हणजे मला हात आणि कोपर दिसतात, तोंड दिसलं नाही तरी चालतं. मोठ्यांना ते जमतं. साडेआठ वर्षांच्या मुलाजवळ मात्र कोणीतरी हवं.

आता तू.

बोटं वळतील का विचारतेस. वळतील. पण तुझी अडचण बोटांची नाहीचे, तुझी अडचण कानाची आहे आणि ती चांगल्या अर्थाने. मुलाची बोटं आणि कान बरोबरीने वाढतात, त्याला वाजवता येतं तेवढंच त्याला ऐकू येतं त्यामुळे तो खूश असतो. मोठ्या माणसाने वीस-तीस वर्षं चांगलं ऐकलेलं असतं, त्याचा कान कुठच्या कुठे गेलेला असतो आणि बोटं पहिलीत असतात. आपण किती वाईट वाजवतोय हे त्याला फार स्पष्ट ऐकू येतं आणि तो दोन महिन्यांत सोडून देतो. पेटीवाल्यांचं तर हे दुप्पट होतं.

पेटीवरून पियानोवर आलेले लोक मी बरेच शिकवलेत आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच होतं. उजवा हात पट्ट्यांवर झरझर फिरायला लागतो, घर ओळखीचं असतं, आणि डावा हात... डावा हात मांडीवर पडून हळूच उघडमीट करत असतो. भाता हलवत असतो! त्यांना स्वतःला कळत पण नाही. मी तो हात उचलून पट्ट्यांवर ठेवते तेव्हा तो एकदम गोंधळतो, कारण इतकी वर्षं त्याचं काम हवा द्यायचं होतं, सूर द्यायचं नाही.

दुसरं म्हणजे आवाज. पेटीवर बोट कसंही दाब, आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, आणि बोट ठेवलंस आणि भाता चालू असला तर सूर हवा तेवढा वेळ राहतो. पियानोवर उलटं आहे, पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते आणि तिथून पुढे सूर फक्त विरतच जातो, कितीही जोरात दाबून धर काही उपयोग नाही. लहानमोठं जे करायचं ते बोट किती वेगाने खाली जातंय त्याने, आपटायच्या आधीच ठरतं. या वाद्याचं नावच त्यावरून पडलंय, १७०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सला क्रिस्टोफोरी नावाच्या कारागिराने हे केलं तेव्हा कौतुक याचंच होतं की बोटाने हळू पण वाजतं आणि जोरात पण, इटालियनमध्ये पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे जोरात. म्हणून पेटीवाले सुरुवातीला पट्टी तळापर्यंत रेटून धरून बसतात आणि मनगट दुखवून घेतात. तुला पहिला महिना हेच शिकायचंय, दाबायचं, आणि दाबून झालं की सैल सोडायचं. पट्टी खालीच, पण हात मोकळा. दुखलं तर थांब, दुखतंय म्हणजे मेहनत चाललीय असं पियानोत नसतं.

तिसरं, सा. तू काळी चारचा सा धर, पांढरी एकचा धर, तुझं सरगम तेच राहतं. पियानोच्या लिखाणात तसं नाही, पाच रेघांवर जिथे ठिपका आहे ती पट्टी ठरलेली, सा कुठेही असो. हे पेटीवाल्यांना सुरुवातीला फार टोचतं. पण तुझ्या पदरात आहे ते पण बघ. कीबोर्डचा भूगोल तुला पाठ आहे, कोमल-तीव्र कानाने कळतात, केरवा अंगात आहे म्हणजे चार-चारचं मोजणं आलंच, बिलावलचे सूर पांढरी एकपासून वाजवलेस की तीच यांची सी मेजर स्केल. चांगली टीचर तुला इथून सुरू करेल. डाव्या हाताला सा-प, उजव्याला तुझ्या आवडीचा अभंग, मग सा-पच्या मधे ग घातला की झाली कॉर्ड. यासाठी तुला पुस्तकाच्या पान ३० पर्यंत थांबायला लावणं म्हणजे तुझी इतक्या वर्षांची मेहनत फेकून देणं आहे.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आले, गाण्याचे खूप शौकीन, शेकडो मैफली ऐकलेल्या. मी त्यांना तेच पुस्तक दिलं जे लहान मुलांना देत होते, मोठ्ठे ठिपके, ससे, फुगे. ते चार आठवडे आले, प्रत्येक वेळी सगळं नीट करून आले, एक शब्द बोलले नाहीत आणि मग यायचे बंद झाले. पुढे कधीतरी रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, बाई तुम्ही छान शिकवता पण मला रोज वाटायचं की माझं आयुष्य धरलंच नाही कोणी. ते मला अजून लागतं. त्यानंतर मोठं कोणी आलं की मी पहिला अर्धा तास वाद्य उघडत नाही, काय ऐकता, कधी ऐकता, कोणतं गाणं ऐकताना गाडी बाजूला घेऊन थांबावंसं वाटतं, एवढंच विचारते आणि सहा महिन्यांचा प्लॅन त्यातून काढते. एकाहत्तरच्या काकांना फक्त एकच गाणं वाजवायचं होतं, बायकोच्या आवडीचं. दहा महिने लागले. वाजवलं त्यांनी, दोन्ही हातांनी.

म्हणून तुम्हा दोघांना टीचर एकच चालेल, चांगलंच होईल, पण लेसन वेगळा आणि पुस्तक वेगळं. मॅडम घरी येतच आहेत तर ४५ मिनिटं ठरवून घे, पहिली २५ त्याची आणि पुढची २० तुझी. साडेआठच्या पोराला २५ च्या पुढे नेलं तरी लक्ष राहत नाही. मग ती तिप्पट फी दोघांत वाटली जाते, मिस्टरांना असा हिशोब सांग. तेही परवडत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा बोलाव, मधल्या आठवड्यात त्याने वाजवलेलं रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठव, बऱ्याच टीचर याला तयार असतात. आणि महिन्यातून एकदा दोघं एका वाद्यावर बसून चार हातांनी काहीतरी वाजवा, तो वर तू खाली. एक मात्र पाळ, त्याच्या लेसनच्या वेळी तू दुसऱ्या खोलीत जा. पेटी येणारी आई शेजारी बसली की मूल टीचरकडे बघत नाही, आईच्या भुवयांकडे बघतं.

मॅडमना ट्रायलला बोलावशील तेव्हा किती मुलं पास झाली हे विचारू नकोस. त्या आल्यावर आधी पुस्तक काढतात की त्याला काहीतरी वाजव म्हणतात ते बघ. तो वाजवत असताना त्या कुठे बघतात, त्याच्या हाताकडे की पुस्तकाकडे. तो चुकला की लगेच तोडतात की वाक्य पूर्ण होऊ देतात. त्याचे पाय हवेत लोंबतायत हे त्यांच्या लक्षात येतं का, कारण पाय टेकलेले नसले की मुलाचं सगळं वजन हातावर येतं, खाली पाट किंवा जुनी पुस्तकं ठेवावी लागतात आणि स्टूल इतकं उंच की कोपर पट्ट्यांच्या लेव्हलला येईल. आणि शेवटी सरळ विचार, आज तुम्ही याला ऐकलंत, मग याच्यासाठी वेगळं काय कराल? उत्तर पटलं तर ठेव, नाही पटलं तर अजून कोणी बघ. आमचे सर गोव्याचे होते, तिकडे चर्चच्या शाळेत त्यांना आधी सूर गायला आणि वाचायला शिकवलं आणि मग हातात व्हायोलिन दिलं होतं. ते आम्हाला कुठलाही तुकडा आधी गाऊन घ्यायचे मग वाजवू द्यायचे, मी पण तेच करते, गायला लावणारी टीचर मिळाली तर सोडू नकोस.

प्रॅक्टिसचं थोडक्यात सांगते. त्याला रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, खेळायला जायच्या आधी. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. अडतं ते दोन मापांचं, म्हणजे लिखाणातल्या दोन खान्यांएवढंच असतं, फक्त तेवढंच काढायचं, एकेक हात वेगळा, इतकं हळू की चूकच होणार नाही, मग दोन्ही. पूर्ण पीस दहा वेळा चुकत वाजवला तर चूकच पाठ होते. तू रात्री दहानंतर हेडफोन लावून २० मिनिटं, तुला तीच वेळ मिळेल मला माहितीय.

राहिला वसईचा पियानो. फुकट पियानो बघून मन हलतं, माझंही हलतं, पण थांब. आत जवळजवळ २३० तारा असतात आणि सगळ्या मिळून कित्येक टनांचा ताण त्या लोखंडी फ्रेमवर असतो, वर्षानुवर्षं ट्यूनिंग झालं नसेल तर सगळा सूर खाली उतरलेला असतो, तो एकदम वर ओढला तर तारा तुटतात, दोन-तीनदा थोडं थोडं चढवावं लागतं. खुंट्या सैल झाल्या असतील तर चढवलेला सूर टिकतच नाही, मग तो पियानो फर्निचर. त्यात वसईची हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत, आतल्या फेल्टला, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाला, कसर लागते. आमच्या सरांच्या घरी पावसाळाभर पियानोच्या आत एक बारीक पिवळा बल्ब जळत असायचा, त्या उबेने दमटपणा कमी व्हायचा, आताच्या एलईडीने ते होत नाही. त्यामुळे आणायच्या आधी ट्यूनरला घेऊन जा, सगळ्या ८८ पट्ट्या एकेक वाजवून बघ, वरचं झाकण उघडून आत टॉर्च मार, हातोड्यांचा फेल्ट खाल्लाय का, तारा गंजल्यात का बघ. उभा पियानो दोनशे किलोच्या वर असतो, तुमच्या लिफ्टमध्ये मावेल का ते आधी बघ. ट्यूनर म्हणाला आणण्यासारखा आहे तर जरूर आण, खऱ्या तारांचा आवाज घरात असणं ही मोठी गोष्ट आहे, पण वर्षातून दोनदा ट्यूनिंगचा खर्च धरून चाल.

नाही जमलं तर डिजिटल पियानो घे, ८८ पट्ट्यांचा आणि वजनदार पट्ट्यांचा, हॅमर अॅक्शन असं विचारायचं दुकानात. साधारण ३५-४० हजारांपासून पुढे मिळतात, यामाहा, कॅसिओ, रोलंड कुठलाही चालेल, दुकानात दोघांनी बसून वाजवून बघा. सोबत मिळणारं चौकोनी प्लास्टिकचं पेडल सरकतं, धातूचं पेडल वेगळं घे. पण हे सगळं लगेच नको. आत्ताचा कीबोर्ड जोरात-हळू ओळखत असेल तर पहिले सहा महिने मुलाला पुरेल, पैसे आधी टीचरवर घाल आणि वाद्यावर नंतर. तुला मात्र तो हलका टच पेटीसारखाच लागेल आणि दाबायची सवय सुटायला वेळ जाईल, तेव्हा शक्य होईल तितकं लवकर बदल.

आणि ती पेटी माळ्यावरून खाली काढ, या रविवारीच. भात्याला कुठे भोक पडलंय का बघ, सूर अडकत असतील तर आतली धूळ मऊ ब्रशने काढ. जुनी पेटी आणि कीबोर्ड बहुतेक जुळणार नाहीत, पेटी थोडी वर किंवा खाली असेल, तेव्हा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग शोध, तिथे ४४० असं दिसेल, ते एकेक अंकाने वरखाली करत पेटीला मिळवून घे. हे काम त्याला दे, तू सा धर आणि तो सांगेल मिळाला की नाही. मिळाला की तू काळी तीनला सा धरून भूप सुरू कर, त्याला सांग फक्त काळ्या वाजवायच्या. दोन महिन्यांनी मला कळव काय झालं ते.